सान मार्को की कांपो: हाताशी एकच संध्याकाळ असेल तर

इटलीला बारा दिवसांसाठी निघालेल्या माणसाचे रोम आणि फ्लॉरेन्स यांवर फारसे दुमत होत नाही. घोडे अडते ते उरलेल्या दोन रात्रींवर. महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक सहलींच्या पत्रकांत त्या जागी व्हेनिस छापलेले असते आणि सिएनाचा उल्लेखही नसतो, त्यामुळे आपले वेळापत्रक आपणच आखणाऱ्यांनाच हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडतो. आम्ही दोन्हीकडे राहून आलो, म्हणून ओळखीचे लोक विचारतात, आणि दर वेळी फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. दोन शहरांची तुलना करण्याचा आव मी आणत नाही. दोन-दोन रात्रींच्या मुक्कामावर तसे करणे उद्धटपणाचेच होईल. तुलना आहे ती फक्त त्या शहरांच्या मध्यभागी असलेल्या दोन मोकळ्या जागांची, कारण कमी वेळ घेऊन आलेला प्रवासी शेवटी आपली संध्याकाळ तिथेच घालवतो.

इटालियन भाषेत अशा जागेला पियात्सा म्हणतात. आपण सवयीने चौक म्हणतो, पण चौक म्हटले की डोळ्यांपुढे सिग्नल आणि रिक्षाथांबा येतो. पटांगण हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. व्हेनिसमध्ये पियात्सा म्हणवून घेण्याचा मान एकट्या सान मार्कोला आहे. शहरातील इतर लहानमोठ्या मोकळ्या जागांना तिथे ‘कांपो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः शेत किंवा रान. सिएनाने मात्र आपल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या जागेच्या नावातच हे रान ठेवले आहे: पियात्सा देल कांपो. सान मार्को मला सजवलेल्या दिवाणखान्यासारखा वाटला. दिवाणखान्यात पाहुण्याने कसे वागायचे असते आणि रानात कसे, हा फरक मला पुढच्या चार दिवसांत कळत गेला.

आम्ही तिघे होतो: मी, पत्नी आणि ७२ वर्षांची माझी आई. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. चालण्याचा तिला कंटाळा नाही, पण दर वीस-पंचवीस मिनिटांनी तिला पाच मिनिटे टेकावे लागते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ज्यांच्यासोबत सगळी पंचविशीतली मंडळी असतील त्यांना माझा निकाल कदाचित लागू पडणार नाही. गणपती आटोपल्यावर सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही गेलो. आधी व्हेनिस, नंतर सिएना असा क्रम होता. तो उलटा असता तर मत वेगळे झाले असते का, हा प्रश्न पत्नीने मला विचारला आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘थोडेसे झाले असते’ असे आहे.

सान मार्कोचे श्रेय आधी देऊन टाकतो. तिथे पोचण्याची वाट हाच त्या जागेचा अर्धा मोठेपणा आहे. रेल्वे स्थानकाच्या पायऱ्या उतरल्यावर समोरच पाण्यावरची बस मिळते, तिला व्हापोरेत्तो म्हणतात. तिची एक नंबरची फेरी मोठ्या कालव्यातून प्रत्येक धक्क्याला टेकत, रेंगाळत पाऊण तासाने आपल्याला चौकाजवळ सोडते. पाण्याच्या बाजूने आत शिरताना दोन उंच खांब लागतात. एकावर पंख असलेला सिंह, दुसऱ्यावर संत तेओदोर. पूर्वी देहदंडाची शिक्षा या दोन खांबांच्या मध्ये दिली जाई, म्हणून जुने व्हेनिसवासी अजूनही त्यांच्यामधून चालत नाहीत असे सांगतात. आम्ही चाललो, वाचन नंतर केले. कोवळ्या वयात याच गावातून जहाजात लपून निघालेला मनुची पुढे मिर्झाराजे जयसिंगांच्या तोफखान्यात नोकरीला लागला आणि १६६५ मध्ये, पुरंदरच्या तहाच्या सुमारास, छावणीत शिवाजी महाराजांशी आपले बोलणे झाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे, ही गोष्ट मी तिथे उभ्याउभ्याच आईला सांगितली. तिने सिंहाकडे एकदा नीट पाहून घेतले.

बॅसिलिका, म्हणजे चौकातले सान मार्कोचे मोठे चर्च, हिच्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तिच्यासाठीच लोक जातात आणि जावेच. तिचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे उतरत्या उन्हात दर्शनी भागावरील सोनेरी कुट्टिमचित्रे (मोझेक) पेटल्यासारखी दिसतात, एवढे मात्र सांगायला हवे, कारण दुपारी जाऊन परतणाऱ्यांना ते दिसत नाही. दारावरचे चार घोडे १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीतून आले, १७९७ मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला नेले आणि १८१५ मध्ये ते परत आले. बाहेर दिसतात त्या प्रतिकृती आहेत, मूळ घोडे आतल्या संग्रहालयात आहेत आणि जवळून पाहिले तर त्यांच्या अंगावर सोन्याचे ओरखडे दिसतात. घंटेचा मनोरा १४ जुलै १९०२ रोजी सकाळी सरळ खाली बसला आणि होता तसाच, होता तिथेच, १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यात लिफ्ट आहे. आईने वरून समुद्राचे ते उथळ पाणी आणि त्यात विखुरलेली बेटे पाहिली. सिएनाच्या मनोऱ्यावर तिला नेणे शक्यच नव्हते. हा गुण व्हेनिसच्या खात्यावर ठळकपणे मांडायला हवा.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरला, ती.

बॅसिलिकेच्या रांगेत तासभर उभे राहून, आत तासभर मान वर करून, साडेअकराच्या सुमारास आम्ही बाहेर आलो. आईने चहूकडे नजर फिरवली आणि विचारले, “अरे, इथं टेकायचं कुठं?” प्रश्न साधा होता. समोर एवढे विस्तीर्ण पटांगण, तिन्ही बाजूंनी कमानींच्या लांबच लांब ओसऱ्या, त्यांना पायऱ्या, आणि मला बसण्यासारखी एकही जागा दाखवता येईना. आई ओसरीच्या पायरीवर बसली. दोन मिनिटांत गणवेशातील एका तरुणीने अगदी नम्रपणे हाताने ‘उठा’ अशी खूण केली. सान मार्कोच्या परिसरात जमिनीवर किंवा पायऱ्यांवर बसायला मनाई आहे, सोबतचे खाणे काढून खाण्यालाही मनाई आहे, आणि दोन्हींसाठी दंड आहे. हे मला ठाऊक असायला हवे होते, नव्हते. मग आम्ही बॅसिलिकेसमोरच्या तीन ध्वजस्तंभांपाशी गेलो. त्यांचे पितळेसारखे दिसणारे नक्षीदार कांस्य पायथे पाहण्याच्या निमित्ताने आईने कठड्याला किंचित पाठ लावली, तर तिथेही तीच खूण, तितकीच नम्र. तिसऱ्यांदा तिने प्रयत्नच केला नाही. पर्समधली चिवड्याची पुडी उघडून तिने उभ्याउभ्या चार घास खाल्ले, तेही कबुतरांवर एक डोळा ठेवून, कारण त्यांना दाणे घालायला २००८ पासून बंदी आहे आणि हातातून सांडलेला पोहा हा दाणा धरतात की नाही हे विचारायला आम्हाला धीर झाला नाही. कबुतरांपेक्षा तिथले समुद्रपक्षी धीट. शेजारच्या एका मुलाच्या हातातले सँडविच त्यांतल्या एकाने डोळ्यांदेखत उचलले.

उरला पर्याय कॉफीगृहाचा. चौकात अशी एकाहून अधिक कॉफीगृहे आहेत, बाहेर खुर्च्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येकाचे स्वतःचे वाद्यवृंद आहेत. आम्ही एका ठिकाणी बसलो. कोणत्या ते सांगण्यात अर्थ नाही. वाद्यवृंद वाजत असताना बसणाऱ्याला कॉफीखेरीज माणशी संगीताचे वेगळे पैसे पडतात, हे दरपत्रकावर स्पष्ट छापलेले होते, त्यामुळे फसवणूक झाली असे मी म्हणू शकत नाही. आमचे दुर्दैव एवढेच, की आम्ही बसलो आणि एक धून संपवून आमचे वादक विश्रांतीला गेले. पुढची पंचवीस मिनिटे आम्ही समोरच्या कॉफीगृहाचे संगीत ऐकले आणि पैसे आमच्या कॉफीगृहाला दिले. तीन कॉफ्यांचे बिल आदल्या रात्रीच्या तिघांच्या जेवणापेक्षा जास्त होते. आईला रक्कम सांगितली नाही. तिने ती खुर्चीवरून उठताना माझ्या चेहऱ्यावर वाचली, आणि त्यानंतर दोन दिवस तिला कुठे बसायचे का विचारले की ती ‘नको, मी उभी बरी’ म्हणू लागली. मला खुपले ते हे. पैसे गेले ते एकदाच. पण सोबतचे वयस्क माणूस आपल्या दुखण्याचा खर्च मोजू लागले, की त्या चौकातल्या कोणत्याही सोन्याकडे नीट पाहावत नाही.

नियमामागचे कारण मला समजते, किंबहुना पटतेही. व्हेनिसच्या जुन्या भागात कायम राहणाऱ्यांची संख्या ५० हजारांच्या खाली आली आहे आणि रोज येणारे लोक कित्येकदा त्याहून अधिक असतात. सगळे पायऱ्यांवर बसले तर चालायला वाट उरणार नाही. २०२४ पासून काही ठराविक दिवशी फक्त दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्याची वेळ त्या शहरावर आली ती उगाच नाही. तरीही नियम योग्य असणे आणि तो आपल्याला सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भरतीच्या पाण्याची भीती मात्र फार धरू नये. हा चौक शहराच्या सर्वांत सखल भागांपैकी आहे आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी भरती १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली तेव्हा तिथे काय झाले याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत; पण २०२० च्या ऑक्टोबरपासून समुद्राच्या तोंडाशी बसवलेले सरकते बांध मोठी भरती आली की उचलले जातात. लहान भरतीला ते उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅसिलिकेच्या दारासमोरील फरशीतल्या मोरीच्या भोकांतून पाणी बुडबुडत वर येताना आम्ही पाहिले; काठावरून लाट आली असे काही झाले नाही, जमिनीनेच हळूहळू पाणी सोडले आणि तासाभरात परत पिऊन टाकले. मला हा प्रकार अतिशय आवडला. आईचे म्हणणे, आता तर बसायचे नावच नको.

सान मार्कोची आजची राखाडी दगडी फरशी आणि तिच्यातले पांढरे पट्टे १७२३ च्या सुमाराचे आहेत, आंद्रेआ तिराली याच्या आराखड्याप्रमाणे घातलेले. त्याआधी तिथे तांबड्या विटा होत्या. जेंतिले बेल्लिनीने १४९६ मध्ये रंगवलेले या चौकातल्या मिरवणुकीचे चित्र व्हेनिसच्याच अकादेमिया संग्रहालयात आहे, त्यात माशाच्या काट्यासारख्या रचलेल्या त्या विटा स्पष्ट दिसतात. ते चित्र पाहून तीन दिवसांनी सिएनाला पोचलो आणि तशाच विटांवर माणसे बसलेली पाहिली.

एका बाजूने किंचित कलती ठेवलेली भली मोठी परात डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कांपोचा आकार समजेल. वरची कड अर्धगोल, आणि तिथून सगळी जमीन खाली नगरभवनाच्या दिशेने उतरत जाते. विटांच्या पृष्ठभागावर पांढऱ्या दगडाच्या रेघा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या आहेत आणि त्यांनी त्याचे नऊ भाग पाडले आहेत. १२८७ ते १३५५ या काळात शहराचा कारभार पाहणाऱ्या नवांच्या मंडळाची ती खूण. फरसबंदी १३४९ मध्ये पुरी झाली. नऊही भागांचा उतार नगरभवनासमोरच्या एकाच मोरीकडे जातो, त्यामुळे पाऊस पडला तरी पाणी साचत नाही. विटा उभ्या कडेवर बसवलेल्या असल्याने पृष्ठभाग खरखरीत राहतो, आणि उतार इतका बेताचा आहे की पाय पसरून बसले की पाठीला आपोआप आधार मिळाल्यासारखे वाटते. हे मोजमाप मी कुठे वाचलेले नाही. आईच्या पाठीने केलेले आहे.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते. ऊन चढले होते, आणि पटांगणाच्या मधोमध माणसांची एक लांबट, सरळ रांग बसलेली दिसली. कशाची रांग असावी ते कळेना. जवळ गेल्यावर उमगले, की नगरभवनाच्या मनोऱ्याची सावली विटांवर पडली होती आणि जितकी सावली तितकीच माणसे तिच्यात सामावून बसली होती. कॉलेजची मुले पालथी पडून वाचत होती, एक बाई बाळाला भरवत होती, दोन म्हातारे एकमेकांशी न बोलता पाव खात होते. आईने कोणाला काही न विचारता पदर आवरला आणि त्या सावलीत बसली. मी सवयीने गणवेशवाला कुठे दिसतो का ते पाहिले. कोणी आले नाही. सावली आमच्या डावीकडे सरकत होती, तशी सगळी रांग दर दहा-पंधरा मिनिटांनी वीतभर सरकत होती, आणि दुसऱ्या सरकण्याला आईही शेजारच्या बाईच्या बरोबरीने सरकली. चिवड्याची पुडी पुन्हा निघाली. खाऊन झाल्यावर विटांच्या फटीत पडलेले पोह्यांचे कण तिने बोटाने एकेक करून वेचले आणि पुडीत भरले; आपल्याला बसू दिले तर जागा स्वच्छ ठेवली पाहिजे, असे तिचे साधे गणित.

त्या दिवशी आम्ही तिथे पावणेदोन तास बसलो. व्हेनिसच्या दोन दिवसांत मिळून जितका वेळ चौक पाहिला असेल त्याहून हा वेळ जास्त होता, आणि माझा सारा युक्तिवाद खरे तर एवढाच आहे. उभे राहून पाहिलेली इमारत छायाचित्रात जाते. बसून पाहिले की इमारतीचे तपशील एकामागून एक आपल्याकडे चालत येतात. कांपोच्या कडेच्या घरांच्या खिडक्या एकाच घाटाच्या का, असा प्रश्न मला तासाभराने पडला; उत्तर असे, की १२९७ मध्येच शहराने नियम करून चौकाकडे तोंड असलेल्या घरांना लहान खांबांच्या खिडक्या सक्तीच्या केल्या आणि सज्जे काढायला बंदी घातली. म्हणजे नियम सिएनालाही आहेत, आणि सातशे वर्षांपूर्वीचे आहेत. फक्त ते घरमालकांसाठी होते, बसणाऱ्यांसाठी नव्हते. नगरभवनाच्या डाव्या टोकाला उभा असलेला तोर्रे देल मांजा हा मनोरा १३३८ ते १३४८ या दशकातला. त्याचे नाव पहिल्या घंटा वाजवणाऱ्यावरून पडले, ज्याला मिळकत खाऊन टाकणारा अशा अर्थाचे टोपणनाव लोकांनी दिले होते. त्याच्या पायथ्याशी एक उघडे देऊळवजा प्रार्थनास्थळ आहे, ते १३४८ च्या प्लेगातून वाचलेल्यांनी नवस फेडण्यासाठी १३५२ मध्ये बांधायला घेतले. ज्या वर्षी मनोरा पुरा झाला त्याच वर्षी शहराची प्रचंड हानी झाली, हे त्या दोन बांधकामांकडे एकाच नजरेत पाहताना जाणवते.

वरच्या कडेला, नगरभवनाच्या बरोबर समोर, फोंते गाया नावाचे पाण्याचे कुंड आहे. चौदाव्या शतकात मैलोन्मैल भुयारे खणून डोंगरावरच्या या शहरात पाणी आणले तेव्हा लोकांना इतका हर्ष झाला, की कुंडाचे नावच आनंदाचे पडले. त्यावरील संगमरवरी शिल्पे याकोपो देल्ला क्वेर्चाने १४१९ मध्ये पुरी केली. आज दिसतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रती असून मूळ झिजलेले तुकडे कॅथेड्रलसमोरच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत ठेवले आहेत. कुंडात दगडी लांडग्यांच्या तोंडांतून पाणी पडते, आणि कबुतरे त्या लांडग्यांच्या डोक्यावर उभी राहून, मान खाली घालून, धारेलाच चोच लावतात. आईने हा कार्यक्रम जितक्या एकाग्रतेने पाहिला तितक्या एकाग्रतेने बॅसिलिकेतले सोने पाहिले नव्हते, हे मला नमूद केलेच पाहिजे.

तिकीट काढून आत जाण्यासारखे तिथे काय आहे, असा प्रश्न व्हेनिसचा पक्ष घेणारे विचारतात. बॅसिलिकेच्या तोडीचे कांपोवर काही नाही, हे मान्य. पण नगरभवनाच्या वरच्या मजल्यावर, नवांच्या मंडळाच्या सभागृहातच, आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये भिंतींवर सुराज्य आणि दुराज्य यांची चित्रे काढलेली आहेत. हे नऊ जण दोन महिन्यांसाठी निवडले जात आणि तेवढा काळ याच इमारतीत राहत; रोज सकाळी बसायचे ते या चित्रांच्या मध्ये. सुराज्याच्या भिंतीवर शहरातल्या मोकळ्या जागेत फेर धरून नाचणारी माणसे आहेत, दुकाने उघडी आहेत, छपरावर गवंडी काम करत आहेत, आणि वेशीबाहेर शेते नांगरलेली आहेत. ते पाहून खाली उतरलो आणि पुन्हा विटांवर जाऊन बसलो. चित्राचा आणि बाहेरच्या जागेचा असा संबंध मला व्हेनिसमध्ये कुठे जुळवता आला नाही; माझ्या वाचनाची उणीवही असेल.

आता सिएनाचे दोष, कारण ते लपवले तर सल्ल्याला अर्थ उरणार नाही. पहिला म्हणजे चढउतार. सान मार्को तळहातासारखा सपाट आहे आणि पाण्यावरची बस तुम्हाला जवळपास दारात सोडते. सिएना तीन टेकड्यांवर वसले आहे. बस जुन्या शहराच्या कडेला सोडते, तिथून कांपोपर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता बहुतांश सोपा आहे. पण कॅथेड्रलकडे जायचे तर चढण चुकत नाही, आणि आईने ते दुसऱ्या दिवशी तीन टप्प्यांत केले. रेल्वेने गेल्यास स्थानक टेकडीच्या पायथ्याशी असल्याने सरकत्या जिन्यांची मालिका चढून यावे लागते. मनोऱ्याला लिफ्ट नाही, पायऱ्या चारशे. दुसरा दोष, उतारावर बसणे सुखाचे असले तरी उतारावरून उठणे गुडघ्यांना सुखाचे नाही. आम्ही दोघे दोन्ही हात धरून आईला उठवत होतो. पाऊस पडल्यावर विटा ओल्या असताना तर तिला उतारावर नेण्याचे धाडस मी केले नसते. तिसरा, सावलीची ती पट्टी सोडली तर पटांगणात झाड म्हणून नाही. जुलै-ऑगस्टच्या दुपारी तिथे बसण्याची कल्पनाही करू नये.

आणि चौथा, जो अनेकांना गुण वाटतो: पालिओ. २ जुलै आणि १६ ऑगस्टला कांपोच्या कडेने माती पसरून घोड्यांची शर्यत होते. शहरातील सतरा मोहल्ल्यांपैकी दहांचे घोडे धावतात, खोगीर नसते, तीन फेऱ्या असतात आणि सगळा खेळ जेमतेम दीड मिनिटात आटोपतो. स्वार पडला तरी एकटा घोडा जिंकू शकतो. मधल्या भागात उभे राहून पाहणे फुकट आहे, पण त्यासाठी कित्येक तास आधी आत शिरावे लागते आणि वाटा बंद झाल्या की बाहेर पडता येत नाही. वयस्क माणूस किंवा लहान मूल सोबत असेल तर त्या दोन तारखा आणि त्यांच्या आधीचे तीन-चार दिवस टाळावेत, असे मी सुचवीन. ज्या गुणासाठी मी कांपोला मत देतो, तोच गुण त्या दिवसांत नाहीसा होतो.

रात्रीचे पारडे बरेचसे सम आहे. सान मार्को रात्री दहानंतर रिकामा होतो, आणि कमानींखालच्या दिव्यांच्या रांगा ओल्या फरशीत उतरतात तेव्हा दुपारचा राग बराच निवळतो. मात्र त्यासाठी मुक्काम बेटावरच हवा. पैसे वाचवण्यासाठी मेस्त्रेला, म्हणजे पुलापलीकडच्या मुख्य भूमीवर राहणाऱ्यांना, आणि सहलींसोबत जाणाऱ्यांपैकी बहुतेक तिथेच राहतात, हा चौक मिळतो तो अकरा ते चार या वेळेत, म्हणजे नेमका त्याच्या सर्वांत वाईट वेळी. कांपोवर संध्याकाळचे ऊन नगरभवनाच्या तांबड्या दर्शनी भागावर शेवटपर्यंत रेंगाळते, मग अंधारातही विटा बराच वेळ कोमट राहतात. रात्री साडेनऊला आईने तळवा टेकवून मला सांगितले, “अजून ऊन आहे रे खाली.”

जेवणाबद्दल थोडक्यात. शाकाहारी माणसाची सोय मला सिएनात अधिक वाटली; लसूण-टोमॅटोच्या रसातले पिची नावाचे जाड, हाताने वळलेले शेवयांसारखे पास्ते आणि पाव, घेवडा व पालेभाज्यांचे रिबोल्लिता हे दोन पदार्थ आम्हाला तारून गेले, रस्सा कशाचा आहे ते विचारून घेतले की झाले. व्हेनिसच्या खाण्यात मासळी प्रधान, त्यामुळे मासे खाणाऱ्यांचे उत्तर याच्या उलट येईल.

तेव्हा निवड कशी करावी? आयुष्यात एकदाच इटलीला जाणार असाल, समुद्र आणि बॅसिलिका न पाहता परतल्याची हुरहूर लागणार असेल, तर व्हेनिसच निवडा. पण एक रात्र तरी बेटावर काढा, कॉफी आतल्या फळीपाशी उभ्याने घ्या आणि चौक सकाळी आठच्या आत किंवा रात्री पाहा. फ्लॉरेन्सहून वेगवान रेल्वेने व्हेनिस दोन तासांवर आहे. सिएना बसने सव्वा तासावर. चाकाच्या खुर्चीची गरज असलेले कोणी सोबत असेल तर, माझी आवड बाजूला ठेवून, सपाट चौक आणि लिफ्टचा मनोरा असलेले व्हेनिसच मी सांगीन, वाटेतले पूल टाळता येतील असा धक्का पाहून. बाकीच्यांना, विशेषतः जे पाहण्याइतकेच बसायला जातात त्यांना, मी सिएना म्हणेन, आणि एका दिवसाची धावती फेरी करण्यापेक्षा तिथे एक रात्र राहा असेही म्हणेन, कारण दुपारच्या बसने आलेले लोक सहाच्या सुमारास परततात आणि त्यानंतर पटांगणात गावची माणसे उतरतात. पुढच्या वसंतात आम्ही पुन्हा जायचे म्हणतो आहोत. तीन रात्री सिएना ठरल्या आहेत, व्हेनिसवर अजून चर्चा चालू आहे आणि आईने त्या चर्चेत भाग घेतलेला नाही.

कांपोवर बसणार असाल तर सकाळी अकराच्या आत या, वरच्या एक-तृतीयांश भागात बसा म्हणजे उठून बाहेर पडताना चढ कमी लागतो, आणि खाली घालायला जुना पंचा किंवा वर्तमानपत्र ठेवा. विटांची तांबूस भुकटी कपड्यांना लागते. आईच्या फिक्या रंगाच्या साडीवर ती दोन धुण्यांनंतरही थोडी राहिली आहे.